वाघरीचा दोर

संक्रांत आली, घरात तीळ भाजल्याचा वास सुटला, की मला घाटाखालची ती रात्र आठवते. गोष्ट १९८८च्या जानेवारीतली. त्या रात्री मी दोनच शब्द बोललो होतो, 'थांबू नको.' त्या दोन शब्दांचा हिशेब मी आजवर मांडतोय आणि तो काही केल्या जुळत नाही. म्हणून एकदा लिहून काढावा म्हटलं.

बापू माझा लहानपणापासूनचा दोस्त. माणदेशातल्या एका गावात, एकाच आळीत आम्ही वाढलो. १९७२च्या दुष्काळात दोघंही खडी फोडायला जायचो. हातोडा एक, पाटी एक, दोघांत मिळून. कामावर सुकडी मिळायची. बापू आपल्या वाटणीतली निम्मी कागदात बांधून धाकट्या बहिणीला न्यायचा. मी जागेवरच खाऊन मोकळा व्हायचो. दोघांच्या स्वभावातला फरक तेव्हापासूनचाच म्हणायचा.

पुढं मी मास्तर झालो, तो मुंबईला गिरणीत लागला. १९८२च्या संपात गिरणी सुटली. मग चार वर्षं त्यानं टॅक्सी चालवली आणि शेवटी मोडीत निघालेली एक फियाट घेऊन गावी आला. काळा-पिवळा रंग खरवडून ती त्यानं पांढरी करून घेतली होती. पण दार उघडलं की आतल्या कडेला पिवळा रंग दिसायचाच. गावातली पोरं तिला 'बापूची नवरी' म्हणायची, हळद अजून उतरली नाही म्हणून. बापू त्या गाडीवर लग्नाची, दवाखान्याची भाडी करायचा.

त्या वर्षी आम्ही दोघं सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला गेलो. सिद्धरामेश्वराचं दर्शन घेतलं, नंदीध्वज बघितले, रात्री होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघितलं आणि निघालो. खरं तर रात्री मुक्काम करायचा ठरला होता. पण सकाळी माझी शाळा आणि बापूचं भाडं. बापू म्हणाला, "चल गड्या, पहाटंपतुर घर गाठू."

मोहोळवरून पंढरपूरला आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. स्टँडसमोर चहा प्यालो. थंडी मी म्हणत होती. गाडीच्या काचा नीट वर होत नव्हत्या. फटीत मी वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. बापूनं कानाला मफलर गुंडाळलेला, मी बायकोची शाल पांघरलेली. तरी मजा होती. दोघं मोठमोठ्यानं जुनी गाणी म्हणत होतो. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या लागत होत्या. गाडीखाली लोंबता कंदील, वर उसाच्या ढिगावर घोंगडं घेऊन झोपलेला गाडीवान आणि आपली वाट आपणच चालणारे बैल.

भाळवणी मागं पडली. रस्ता मोकळा झाला. आणि एका वळणावर उजेडात एक माणूस दिसला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून धोतराचा की टॉवेलचा पांढरा कपडा हलवत होता. बाजूला कडेला कुणीतरी बसलेलं होतं, बहुतेक बाई. मागं काहीतरी आडवं पडल्यासारखं दिसलं. बापूचा पाय ब्रेकवर गेला, गाडी मंदावली. तेव्हा मी ते दोन शब्द बोललो. "थांबू नको." आणि वर म्हणालो, "बाई बसवून लुटत्यात. बापू, थांबू नको."

बापूनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग गाडी कडेला घेऊन त्या माणसाला वळसा घातला आणि वेग दिला. तो काहीतरी ओरडला. काचेच्या फटीतून नुसता आवाज आला, शब्द कळले नाहीत.

मी असं का म्हणालो? त्या रस्त्यावर, विशेषतः पुढच्या पिलीवच्या घाटात, रात्री गाड्या अडवतात अशी बोलवा होती. एस.टी.त बसलं की हमखास कुणीतरी तसली गोष्ट सांगायचं. आणि दुसरी एक भीती त्या काळी सगळ्यांच्याच मनात असायची. अपघातातला माणूस उचलला की पोलीस आधी उचलणाऱ्यालाच विचारणार, मग साक्षीला वर्षानुवर्षं कोर्टाचे खेटे. आता २०१९पासून मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम आलंय. तेव्हा तसलं काही नव्हतं. म्हणजे माझी भीती अगदीच बिनबुडाची होती असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी कायद्याचा वगैरे विचार केलाच नव्हता. मला ऊब सोडून खाली उतरायचं नव्हतं, आणि भीतीनं त्याला कारण पुरवलं.

गाणी बंद पडली. पाच-सहा किलोमीटर आम्ही गप्प गेलो. मग गाडीतून फाटकन आवाज आला आणि समोरच्या फळीवरचा तांबडा दिवा लागला. बापू म्हणाला, "पट्टा गेला." फॅनचा पट्टा तुटला की डायनामो थांबतो आणि पाण्याचा पंपही थांबतो. बॅटरीवर गाडी थोडी चालते, पण इंजिन तापत जातं. काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ यायला लागली, आणि घाटाच्या अलीकडं बापूनं गाडी कडेला घेतली. जादा पट्टा तो नेहमी डिकीत ठेवायचा. पण तो दिवाळीतच बसवला होता आणि नवा घ्यायचा राहून गेला होता.

आता रस्त्यावर आम्ही उभे होतो. अर्ध्या तासात एक ट्रक आला. मी हात केला. ट्रकनं वेग वाढवला. मग एक जीप आली. मी शाल हलवली, अगदी रस्त्यात शिरलो. जीपनं मला वळसा घातला. तिचा उजेड तोंडावर पडला आणि विझला, तेव्हा त्या मागच्या माणसाला आम्ही कसे दिसलो असू ते मला पहिल्यांदा कळलं. दोन दिवे, त्यामागं अंधार, आणि माणूस कुठंच नाही.

बापू बोनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, "ती पण आपल्यासारखीच घाबरली असत्याल, मास्तर." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

एवढ्यात रानातून कुत्री भुंकत आली. त्यांच्या मागून आवाज आला, "कोण हाय रं? जाग्यावर थांबा." वीस-पंचवीस पावलांवर एक माणूस उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात कुऱ्हाड. बापूनं आपलं गाव सांगितलं, गाडी बंद पडली म्हणून सांगितलं. "हात दावा दोघं बी," तो म्हणाला. आम्ही गाडीच्या दिव्यापुढं हात धरले. मग तो जवळ आला. धनगर होता. शेजारच्या तुटलेल्या उसाच्या रानात त्याची मेंढरं बसवलेली होती.

बापूनं त्याला पट्ट्याचं सांगितलं. "दोर असला तर बघा, पिळून बसवतो. गावापतुर गेली तर गेली." धनगर जरा थांबला. म्हणाला, "दोर हाय. पर तो वाघरीचा हाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मेंढरं रात्री रानात बसवली की भोवती खुंट्या ठोकून दोराची जाळी लावतात. तिला वाघर म्हणतात. लांडग्यापासून कळपाला तेवढाच आडोसा. त्या माणसानं वाघरीची एक बाजू खुंट्यांवरून उतरवली, तिचा काठाचा दोर कुऱ्हाडीनं तोडला आणि बापूच्या हातात दिला.

इंजिन निवल्याशिवाय पाण्याचं झाकण उघडता येत नाही. तोवर आम्ही त्याच्या शेकोटीला बसलो. त्याच्या बायकोनं जर्मलच्या भांड्यात बकरीच्या दुधाचा चहा केला. बापू दोर तिपेडी वळत होता. वळता वळता तो एकदम म्हणाला, "मागं भाळवणीच्या अल्याड एक माणूस हात करत हुता. आमी थांबलो न्हाय." 'मास्तर नको म्हणाला' असं तो म्हणू शकला असता. तो 'आम्ही' म्हणाला.

धनगरानं आमच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार. काहीतरी शिकवण देणार, निदान हळहळणार. तो फक्त म्हणाला, "व्हय? मग गाडी चालू झाली की जाल न्हवं माघारी?"

जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मला मात्र विचारण्यासारखं बरंच होतं. दोर किती टिकणार? मागं जाऊन पुन्हा इथवर येणं, म्हणजे दहा-बारा किलोमीटरचा फेरा. तो माणूस तिथं असेल कशावरून? आणि लुटारूच असला तर? हे सगळे प्रश्न रास्त होते. गंमत अशी, की गेल्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गात एकनाथांची गोष्ट सांगितली होती. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती. पोरांना मी विचारलं होतं, "तुम्ही काय केलं असतं?" सगळ्या पोरांनी एका सुरात "पाणी पाजलं असतं" म्हणून सांगितलं होतं. मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो.

बापूनं पट्टा बसवला, डायनामो ओढून ताणला, धनगराच्या कळशीतलं पाणी ओतलं. मी खिशातून वीस रुपये काढले. धनगर म्हणाला, "दोराचं पैसं कशाला? दोर आणून द्या, मिळंल तवा." गाडी चालू झाली. बापूनं मला काही विचारलं नाही. गाडी वळवली आणि पंढरपूरच्या दिशेनं घेतली. मी निघताना मागं बघितलं. वाघर जिथं उतरवली होती, त्या मोकळ्या जागेत तो माणूस आणि त्याची बायको घोंगडी पांघरून बसले होते. मधे कुत्रं. उरलेली रात्र त्या दोघांनी तशीच काढली असणार. दोराऐवजी ती दोघं बसली होती.

आम्ही त्या वळणावर पोचलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. रस्त्यावर उसाच्या कांड्या पसरलेल्या, एक मोडलेलं जू, विझत आलेली पाचटाची राख आणि डांबरावर रक्त. माणसाचं की बैलाचं, ते कळायला मार्ग नव्हता. जवळच्या वस्तीवर बापूनं हाका मारल्या. कुणी दार उघडलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं. मागून दोन उसाच्या गाड्या आल्या. एक गाडीवान म्हणाला, ट्रॅक्टरवाल्यानं बाईला नेलं म्हणे, पाय गाडीखाली सापडला होता. दुसरा म्हणाला, बाईला काही झालं नव्हतं, पोटुशी होती, घाबरली होती, लागलं ते बैलाला. दोघांनीही स्वतः काही बघितलं नव्हतं. त्यापलीकडं आम्हाला आजतागायत काही कळलेलं नाही.

परतताना घाट चढताना दोर घसरला आणि तुटला. उजाडेपर्यंत गाडीतच कुडकुडत बसलो. सकाळी दुधाच्या गाडीनं आम्हाला म्हसवडला सोडलं. माझी शाळा बुडाली, बापूचं भाडं गेलं.

आठवड्यानं नवा दोर घेऊन आम्ही त्या रानात गेलो. रान मोकळं होतं. जमिनीवर लेंड्या, खुंट्यांची भोकं, चुलीचे तीन दगड. मालक नांगर धरून उभा होता. म्हणाला, "गेली की मेंढरं. कुठं गेली काय सांगावं? चारा असंल तिकडं." नाव विचारायचंसुद्धा आम्हाला सुचलं नव्हतं.

अशी दोन देणी त्या एका रात्री आमच्या अंगावर आली. एक घेतलेल्या मदतीचं, दुसरं न दिलेल्या मदतीचं. पुष्कळ दिवस मी ती दोन्ही एकच धरत होतो. मला वाटायचं, धनगर भेटला नाही तर नाही, दुसऱ्या कुणाला मदत केली की झालं. आमच्याकडं शेतीच्या कामात दोन रीती आहेत. एक सावड. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. तिथं दिवस मोजतात. दुसरी इर्जिक. एखाद्याचं काम अडलं की गावचे नांगर त्याच्या रानात जातात, तो फक्त जेवण घालतो. तिथं मोजदाद नसते. आज ज्याचं रान नांगरलं तो उद्या तिसऱ्याच्याच रानात जातो. वाटेवरची मदत इर्जिकीसारखी असते. धनगराचा दोर त्यालाच परत मिळायला हवा असं नाही, तो पुढं कुणाच्या तरी कामी यावा. इथवर माझा हिशेब जुळतो.

पण त्या वळणावरच्या माणसाचं काय? पुढं मी शंभर जणांना मदत केली तरी त्या रात्री तो कपडा हलवत होता आणि आम्ही त्याला वळसा घातला, हे तसंच राहतं. त्याच्या बाईला त्या शंभरांचा काय उपयोग? उपकार पुढं सरकवता येतो, चूक नाही सरकवता येत. ती ज्याच्याबाबतीत घडली त्याच्यापाशीच राहते. मदतीच्या गोष्टी सांगून आपण ही दोन खाती एकमेकांत मिसळतो, ते स्वतःला बरं वाटावं म्हणून.

आता कुणी म्हणेल, तो खरंच लुटारू असता तर? मग तुमचे दोन शब्द शहाणपणाचे ठरले असते. मीही बरीच वर्षं या आडोशाला बसलो. आणि त्याचा एक पुरावाही मला मिळाला. चार-पाच वर्षांनी बापू असाच एका रात्री आडव्या पडलेल्या माणसासाठी थांबला. झाडीतून आणखी दोघं आले. पैसे, घड्याळ गेलं, डोक्यात काठी बसली, सात टाके पडले. मी दवाखान्यात गेलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या रात्री मी म्हणत होतो ते हेच."

बापू डोकं बांधलेल्या अवस्थेत हसला. म्हणाला, "मास्तर, लुटलं त्यांनी. थांबलो मी. ज्याचं त्यानं बघावं."

त्या उत्तरावर मी खूप विचार केलाय. अंधारात आपल्याला समोरच्याविषयी काहीच माहीत नसतं. तो लुटारू निघाला म्हणून न थांबणं बरोबर ठरत नाही आणि अडलेला निघाला म्हणून चूक ठरत नाही. निर्णय घेतला तेव्हा आपल्याजवळ काय होतं, त्यावरच तो तोलायचा. आणि तसा तोलला तरी माझा निर्णय हलकाच भरतो. कारण थांबणं आणि पळून जाणं या दोहोंच्या मधे बरंच काही करता आलं असतं. पन्नास पावलं पुढं जाऊन गाडी चालू ठेवून हाक मारता आली असती. काच खाली करून 'काय झालं?' एवढं विचारता आलं असतं. मागं येणाऱ्या उसाच्या गाडीवानांना सांगता आलं असतं, पुढच्या गावात कुणाला उठवता आलं असतं. यातलं काहीच मी सुचवलं नाही. भीती खरी होती. पण त्या भीतीच्या आत राहूनही जेवढं करता येत होतं, तेवढंसुद्धा आम्ही केलं नाही. माझी चूक घाबरण्यात नव्हती. घाबरलो म्हणजे आपलं काम संपलं असं मी धरून चाललो, त्यात ती होती.

तो धनगरसुद्धा घाबरलेलाच होता. नाहीतर कुऱ्हाड घेऊन कशाला आला असता? त्यानं आम्हाला लांब उभं केलं, गाव विचारलं, हात बघितले. आणि एवढं केल्यावर वाघर तोडली. भीती आणि मदत एकाच माणसाच्या अंगात, एकाच वेळी नांदू शकतात, हे मला चाळीस पुस्तकांतून कळलं नसतं.

टाके निघाल्यावर बापू पुन्हा गाडीवर बसला आणि पुन्हा थांबायला लागला. पण आता त्याची रीत बदलली होती. तो लांब थांबायचा, इंजिन चालू ठेवायचा, दिवे समोर रोखायचा आणि काच खाली करून ओरडायचा, "कोण हाय रं? हात दावा." पहिल्यांदा त्याच्याबरोबर असताना मी ते ऐकलं आणि मला हसू आलं. मग हसू आलं नाही.

धनगरासाठी घेतलेला तो दोर बापूच्या डिकीतच राहिला. त्यानं किती गाड्या ओढल्या, किती बैल चिखलातून काढले, त्याची मोजदाद नाही. झिजला तेव्हा बापूनं दुसरा घेतला. आता फियाट नाही, बापूचा मुलगा दुसरी गाडी चालवतो, पण तिच्या डिकीत दोर असतो. मधे मी त्या पोराला म्हणालो, "आता टो करायला चांगले पट्टे मिळतात की. हा कशाला बाळगतोस?"

तो म्हणाला, "आमचा न्हाय त्यो, मास्तर काका. आबा म्हणत्यात, एका धनगराचा हाय. द्यायचा हाय."